पळत्या गाडीमागं गरगरलेला मी

मंगळवार, सकाळचे सात वाजून अठरा मिनिटं. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी अशी सुसाट गेली की पहिलीत जाणाऱ्या अक्षदाच्या हातातली पाण्याची बाटली उडाली आणि किराणा दुकानाच्या पायरीवर जाऊन आपटली. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. बाटलीचं झाकण मात्र कुठं गेलं ते कळलंच नाही.

माझी खरी गोष्ट त्याच मिनिटाला सुरू झाली. आणि गंमत बघा, मी तिथं नव्हतोच! मी उस्मानपुऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओच्या लोखंडी कपाटात, जुन्या बॅटऱ्यांच्या शेजारी झोपलो होतो. कारण मी कॅमेरा आहे. गळ्यात अडकवायचा, काळा, हातात घेतला की जड लागणारा. मोबाईलच्या पाठीवर बारीक डोळे असतात ना, ते माझे नातू. हुशार आहेत, पण त्यांना गळा माहीत नाही.

माझा जन्म लांबच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला जुळवलं. तिथं मला एकच गोष्ट शिकवली, पळतं असेल ते थांबवायचं. माझ्या आत एक पापणी आहे. ती सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडते आणि मिटते. तेवढ्यात पाखरू असो नाहीतर पाण्याचा थेंब, जागच्या जागी गप्प. मला याचा लई गर्व होता.

तिथून मी आलो सुदर्शनकडं. सुदर्शन म्हणजे स्टुडिओचा मालक. त्याच्या गळ्यात बसून मी नऊ वर्षं लग्नं बघितली. माणसं माझ्यासमोर आली की पोट आत घेतात, हे मला पहिल्याच हळदीला कळलं. नवरीच्या मावश्या हसायच्या आधी एकमेकींकडं बघून घेतात. नवऱ्या मुलाच्या मामाला आपले हात कुठं ठेवावेत ते कधीच कळत नाही. मंगलाष्टकं संपली की अक्षता उडायच्या, आणि मी त्या हवेतल्या हवेत धरायचो. एकेक दाणा मोजून घ्या.

मग सुदर्शननं नवा कॅमेरा आणला. पहिल्या महिन्यात मला म्हणाला, "तू पण लागशील." दुसऱ्या महिन्यात मला कपाटात ठेवून दार लावलं. आत अंधार, भिंगावर बुरशी धरती का काय ही धास्ती. बाहेर लग्नाचा मोसम चाललेला ऐकू यायचा. बास, आपलं झालं, असं मी धरून चाललो होतो.

त्या स्टुडिओत रत्नमाला कामाला होती. अक्षदाची आई. सातवी शिकलेली, पण अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. ती अल्बमात फोटो चिकटवायची, इतके सरळ की पट्टीनं मोजले तरी तसूभर फरक नाही. हात असा थंड आणि जीव मात्र सारखा तव्यावर. पोरगी शिंकली की तीन वेळा कपाळाला हात लावणार. कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन कुलूप ओढून बघणार. बाटली उडाल्यापासून तर तिचं जेवणावरसुद्धा ध्यान नव्हतं. शाळा रस्त्याच्या पलीकडं. तो रस्ता पोरीला रोज दोनदा ओलांडायचा. त्या रस्त्यावर गतिरोधक पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात बसलं.

तिनं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला आणि महापालिकेच्या कार्यालयात गेली. तिथले साहेब काही वाईट नव्हते. चष्मा वर करून म्हणाले, "गाड्या जोरात जातात म्हणजे किती जोरात? पुरावा जोडा."

तिनं मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला.

"अहो बाई, व्हिडिओ फायलीला टाचू कसा? फोटो आणा, कागदावर."

म्हणून ती कपाटापाशी आली आणि मी उजेडात आलो! सुदर्शन म्हणाला, "न्या वहिनी, पडूनच आहे. फक्त पट्टा गळ्यातून काढायचा नक्को." आणि जाता जाता माझ्या डोक्यावरचं वेगाचं चाक हजारावर लावून दिलं. "एकदम कडक फोटो येतील, टेन्शन लेऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा लग्नाच्या मांडवाबाहेरचं जग बघितलं. काय ते जग! गाड्या, गाड्या, गाड्या! निळी, पांढरी, लाल, टपावर गादी बांधलेली, मागच्या काचेवर पोरांची नावं लिहिलेली. रत्नमाला घराच्या पायरीवर उभी, आणि मी कट कट कट कट. एकही सुटली नाही. चाकाचे नट मोजता यावेत असे फोटो. मी तर हवेतच होतो.

साहेबांनी ते सगळे फोटो टेबलावर मांडले. एकेक उचलून बघितला. मग शांतपणे म्हणाले, "बाई, ह्या तर उभ्या गाड्या आहेत. पार्किंगची तक्रार शेजारच्या खिडकीत द्यायची."

"साहेब, पळत होत्या हो!"

"चाक बघा ना. फिरतंय का कुठं?"

रत्नमालानं परत येताना रिक्षात पाकीट उघडलं आणि बघत राहिली. हळूच म्हणाली, "खरंच की गं बाई. उभ्याच दिसत्यात." मला असं झालं की भिंगाचं झाकण ओढून घ्यावं. आयुष्यभर ज्याचा गर्व केला, त्यानंच पोरीचा घात केला. पळतं थांबवायचं, थांबवायचं, म्हणून मी सगळा वेगच खाऊन टाकला होता.

सुदर्शन पोट धरून हसला, मग कान धरला. "चूक माझी वहिनी. गाडी पळताना दाखवायची तर पापणी सावकाश मिटवायची, आणि गाडीबरोबर आपण फिरायचं. गाडी साफ येते आणि मागचं सगळं पुसून जातं. पॅनिंग म्हणतात त्याला." त्यानं माझं चाक तीसवर आणलं. सेकंदाचा तिसावा भाग! मी घाबरलो. एवढा वेळ डोळा उघडा ठेवायचा म्हणजे रस्ताभर सांडणारच की सगळं.

आणि सांडलंच! पहिल्या दिवशीची माझी कमाई ऐका. अर्धं कुत्रं. पिवळी वाफ, ती शाळेची व्हॅन होती म्हणे. एका फोटोत नुसतं आभाळ आणि विजेची तार. आणि शेजारच्या मालनबाईंचं नाक, एकाचं तीन झालेलं. मी फिरून फिरून असा चक्करलो की मला माझंच बटण सापडेना. आणि खोटं कशाला सांगू, मजा लई आली! नऊ वर्षं एका जागी उभा राहून "इकडं बघा" ऐकलेलं. आता मीच गरगर, गरगर.

मालनबाई अंगण झाडता झाडता थांबल्या. "रत्नमाला, काय गं, गाड्यांची दृष्ट काढती का?"

"फोटो काढतीय मावशी."

"मग मोहऱ्या-मीठ पण घे हातात. आमच्या जावयाच्या गाडीची पण काढ, लई बिघडती."

असे चार दिवस गेले. एकही फोटो धड नाही. गाडी पळायची, ही पण फिरायची, पण कट असा आवाज झाला की हात तिथंच थांबायचा, आणि गाडी पुसली जायची. रत्नमालाचे डोळे भरून यायला लागले. रोज सातच्या पुढं तिचा फोन वाजायचा, नवऱ्याचा, रामहरीचा. तो वाळूजच्या कंपनीत जाणारी माणसं गाडीत भरून न्यायचा, म्हणून पहाटेच बाहेर पडायचा. "पोरगी पलीकडं गेली का?" एवढंच विचारायचा. ती "गेली" म्हणायची आणि मगच श्वास सोडायची.

पायरीवर सासरे बसलेले असायचे, खंडेराव. जन्म गेला वेरूळकडच्या डोंगराला मेंढरं राखण्यात. शहरात लेकाकडं आल्यापासून राखायला एक अक्षदाच उरलेली. रोज तिचं बोट धरून रस्ता पार करून द्यायचं, हेच त्यांचं काम. चार दिवस त्यांनी हा खेळ गपचूप बघितला. पाचव्या दिवशी तंबाखू मळता मळता बोलले.

"रत्ना, हात कामून थांबवती गं?"

"फोटो निघाला की मामा."

"दगड सुटला म्हणून गोफण थांबवत्यात व्हय? हात थांबला की दगड भलतीकडं. आपल्याच मेंढराच्या टाळक्यात बसतो. दगड गेला तरी हात जाऊ द्यायचा, पार खांद्यामागं."

रत्नमाला माझ्याकडं बघायला लागली आणि मी तिच्याकडं.

म्हातारा उठला, धोतर खोचलं. "आन पाय बघ कुठं टाकलेत. जिथनं गाडी येती तिकडं टाकले. उलटं हाय ते. जिथं दगड पडावा वाटतो तिकडं पाय. मग कमरंतनं मागं वळायचं, दोरीला पीळ द्यावा तसं. गाडी आली की उलगडत यायचं. नजर कशावर?"

"गाडीवर."

"सगळ्या गाडीवर नाय. कळपावर नजर ठिवली की एक बी मेंढरू दिसत नसतं. एकच धर. दाराची कडी धर."

आणि मग आमच्या गल्लीत शाळाच भरली! आधी दूधवाला, मोटारसायकलवर हळूहळू येणारा. त्याच्या किटलीची कडी धरायची आणि उलगडत यायचं. दूधवाल्याला पत्ताच नव्हता. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "वहिनी, बिल मागच्या महिन्याचंच मागितलंय ना, जास्तीचं नाय, मग फोटो कशाला?" मग सायकली, मग रिक्षा. खंडेराव शेजारी उभे राहून नुसत्या हातानं गोफण फिरवणार, रत्नमाला मला फिरवणार, आणि अक्षदा दप्तर पाठीवर घेऊन दोघांच्या मधे गिरक्या घेणार, चक्कर येऊन पडेस्तोवर. मालनबाईंनीसुद्धा एकदा झाडू फिरवून बघितला. "कंबर मोकळी झाली गं माझी," म्हणाल्या. त्या दिवसापासून रोज सकाळी पाच मिनिटं फिरतात.

आणि मला जमायला लागलं! काय सांगू ते सुख. गाडीच्या वेगाला माझा वेग एकदा लागला ना, की मधेच सगळं शांत होतं. गाडी माझ्यात थांबलेली, आणि उरलेलं जग पळतंय! दुकानांच्या पाट्या, झाडं, खांब, दोरीवरचे कपडे, सगळ्याच्या नुसत्या रेघा. हिरवी रेघ, निळी रेघ, पिवळी रेघ. रांगोळीवरनं कुणी ओला हात ओढावा तशा. मी जन्मभर जगाला थिजवलं, आता जग मला वाहून नेत होतं.

बुधवारी सकाळी खंडेराव आणि अक्षदा समोरच्या कडेला पोचले होते. पोरगी लाल दप्तर घालून आजोबांचं बोट धरून शाळेकडं निघालेली. डावीकडनं एक पांढरी गाडी आली. लई जोरात. रत्नमालानं पाय रोवले, कमरेतनं वळली, दाराची कडी धरली आणि उलगडत निघाली. त्याच वेळी तिच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजायला लागला. तिनं तो वाजू दिला. हात थांबवायचा नाही! कट. आणि हात पार खांद्यामागं.

मी फोटो घेतो तेव्हा क्षणभर तिला माझ्यातनं काही दिसत नाही, अंधार होतो. त्या क्षणात जे असतं ते मला एकट्याला दिसतं. मी बघितलं आणि माझी गरगर एकदम थांबली. मला बोलता येत असतं तर मी म्हणालो असतो, बाई, हा फोटो मोठा करू नको.

पण स्टुडिओच्या मोठ्या पडद्यावर तिनं तो मोठा केलाच. सुदर्शन ओरडला, "वहिनी, कमाल! हे बघा चाक, हे बघा मागचं!" गाडी आरशासारखी साफ. चाकं गरगरलेली. मागं सगळा रस्ता पुसलेला. उघड्या काचेत ड्रायव्हर, कानाला मोबाईल.

रत्नमाला खुर्चीत बसली. "ते अक्षदाचे पप्पा हायेत," म्हणाली.

संध्याकाळी घरात तो फोटो चटईवर मधोमध ठेवलेला होता. रामहरी हात-पाय धुऊन आला, खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

खंडेराव म्हणाले, "नेम बराबर बसला पोरी. घरातच लागला."

"अहो, तुम्ही कानाला फोन लावून एवढी पळवता?"

"एका माणसानं उशीर केला, आठला गेटवर पोचायचं होतं," रामहरी म्हणाला. "आन फोन तुलाच लावला होता. पोरगी पलीकडं गेली का ते विचारायला."

 मग मालनबाई वाटीभर साखर मागायला आल्या, चौघांची तोंडं बघितली आणि वाटी तशीच घेऊन परत गेल्या.

रत्नमालाकडं दुसरे नऊ फोटो होते. बरे होते, पण ह्याच्यासारखा एकही नाही. बाकीच्यात कुठं चाक हललेलं, कुठं बोनेट पुसलेलं. साहेबांना पुन्हा बोट ठेवायला जागा होती. हा फोटो दिला तर नंबर दिसणार, कंपनीत कळणार, रामहरीची गाडी जाणार. नाही दिला तर पोरगी उद्या सकाळी पुन्हा त्याच रस्त्यावर. ती फोटो पाकिटात घालायची आणि काढायची. तीनदा घातला, तीनदा काढला.

रामहरी बराच वेळ फोटो निरखत होता. मग त्यानं मागच्या रेघांमधे बोट ठेवलं. "ही लाल रेघ काय गं?"

 सांगायची गरजच नव्हती. लाल रेघेशेजारी एक पांढरी रेघ होती, धोतराच्या उंचीची.

"मला दिसली नाय," तो म्हणाला. "आई शप्पथ, मी त्याच रस्त्याला होतो आन मला दिसली नाय." मग फोटो उचलून तिच्या हातात दिला. "हाच सगळ्यात वर लाव. नंबरावर काय तरी चिकटव फक्त."

तिनं काळा कागद इतका बेताचा कापून चिकटवला की नंबराची पाटी मुळातच काळी वाटावी.

दुसऱ्या दिवशी दोघं कार्यालयात गेले, आणि मी पण गेलो, तिच्या गळ्यात. साहेबांनी फोटो उचलला. चष्मा वर केला, खाली केला. "आं? ही पळतीय," म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, ही तर उडतीय!" मी गळ्यातल्या गळ्यात नाचत होतो.

"पण नंबर का झाकलाय?"

रत्नमाला म्हणाली, "साहेब, गाडी कुणाची ते नका बघू. किती पळती ते बघा."

साहेबांनी फोटो डोळ्याजवळ नेला. ड्रायव्हरच्या अंगात हिरव्या चौकडीचा शर्ट होता. समोर उभ्या रामहरीच्या अंगात पण हिरव्या चौकडीचा शर्ट होता. घाईघाईत तोच घालून आलेला! साहेबांनी फोटो बघितला, रामहरी बघितला, पुन्हा फोटो बघितला.

रामहरी म्हणाला, "व्हय साहेब, मीच हाय तो. आन मागं ही लाल रेघ दिसती ना, ती माझी पोरगी हाय. गाडीतनं मला ती एवढीच दिसली. तेवढी बी नाय. म्हणून आम्हाला अडवा साहेब. आम्ही सांगून थांबणारी माणसं नाय."

 साहेबांनी टाचणी घेतली आणि फोटो अर्जाला टाचला. टाचताना दोन वेळा सरळ केला. मग रामहरीला म्हणाले, "गाडी चालवताना फोन कंपनीतून आलेला असला तरी उचलायचा नाही, आणि बायकोला लावायचा नाही. कळलं?"

"कळलं साहेब."

"आणि तिनंच लावला तर?"

"मी नाय लावणार," रत्नमाला म्हणाली. आणि खरंच, तेव्हापासून ती सकाळी फोनला हात लावत नाही. जीव तव्यावर असतोच, पण हात जागेवर.

त्यानंतर सव्वीस दिवसांनी एका दुपारी डांबराची गाडी आली. गरम डांबराचा वास, वाफ, आणि गल्लीतली सगळी माणसं बाहेर. गतिरोधक झाला! चांगला फुगीर, पोळपाटावरच्या पहिल्या पोळीसारखा जरा वाकडा. खंडेरावांनी त्याला नारळ फोडला. अक्षदानं त्यावरनं सात वेळा उडी मारली. मालनबाईंनी जावयाला फोन करून सांगितलं.

आता माझी हालत ऐका. आमच्या गल्लीसमोर गाड्या हळू जातात. इतक्या हळू की त्यांच्यामागं फिरायला गेलं तर माणूस मधेच चहा पिऊन येईल. माझा धंदाच बसला! मी रत्नमालाच्या घरात खुंटीला लटकलेला असतो, पट्टा तेवढा वाऱ्यानं हलतो. पण कपाटात नाही, खिडकीजवळ. रविवारी रत्नमाला मला काढते, आणि आम्ही अक्षदाच्या मागं गरगर फिरतो, कारण त्या गल्लीत सगळ्यात जोरात पळणारं आता तीच आहे.

फक्त एक काम राहिलंय, आणि ते मला करता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. गतिरोधक झालाय, पण त्याच्यावर अजून पांढरे पट्टे मारलेले नाहीत. काळ्या रस्त्यावर काळा उंचवटा, लांबून दिसत नाही. परवा एक बाई स्कूटीवरनं अशी उडाली की तिची भाजीची पिशवी पुढं आणि ती मागं. लागलं नाही, पण लागलं असतं. रत्नमालानं दुसरा अर्ज दिलाय, पट्ट्यांचा. तोवर तुमच्या ओळखीचं कुणी पुंडलिकनगरकडं यायचं असेल, पाहुणा असो, रिक्षावाला असो, गॅसची गाडी असो, त्यांना एवढं सांगा. किराणा दुकानाच्या अलीकडं नवा गतिरोधक आहे, दिसत नाही, हळू या. आणि त्यांना म्हणावं, पुढं भेटंल त्याला पण सांगा.